अकरा वर्षं एकही नवा गिझर नाही

धाकट्यांबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. वीस-बावीस वर्षांत ते आमच्या घरी सात-आठ वेळा आले असतील, आणि त्यातला बराचसा वेळ त्यांचं डोकं गिझरखाली आणि पाठ माझ्याकडे असायची. त्यांना काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, मला सांगता येणार नाही. पुढची हकिगत थोडी त्यांनीच काम करता करता सांगितली, थोडी आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या बहिणीने, आणि एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. मधल्या जागा मी भरल्या आहेत. चूक असेल तर ती माझी.

धाकटे म्हणजे काही लहान नव्हते. साठी उलटली होती, दाढी पांढरी झाली होती. पण चौकातल्या दुकानात त्यांचा थोरला भाऊ बसायचा, म्हणून हे धाकटे. सगळी वसाहत त्यांना हेच म्हणायची.

दुकान वडिलांचं. वडील मुळात दुरुस्तीवाले. विकायचे कधीमधी, नाइलाज झाला तर. गिझर तपासून झाला की ते दोनच शब्दांत निकाल द्यायचे. ‘चालेल’ किंवा ‘झालं’. तिसरा शब्द नाही. गिऱ्हाइकाने कितीही खोदून विचारलं तरी तेच. आणि वडिलांनी ‘झालं’ म्हटल्यावर गिझर दहा वर्षांचा आहे की पाच, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

हे ओळखायचं कसं, ते त्यांनी दोन्ही मुलांना शिकवलं. पांढऱ्या वाटीत आधी गार पाणी घ्यायचं, मग गरम. दोन्ही तांबूस असेल तर पाइप गंजलाय. फक्त गरम तांबूस असेल तर टाकी. आतला मॅग्नेशियमचा दांडा बाहेर काढून बघायचा. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते, आणि त्याची नुसती तार उरली असेल तर समजायचं की आता पाणी टाकी खायला लागलं. गळती जोडातून असेल तर वायसर बदलून भागतं. अंगातून असेल तर देवही काही करू शकत नाही. आणि शेवटी, बटण लावून स्क्रू ड्रायव्हरचं टोक टाकीच्या तळाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि गप्प उभं राहायचं. क्षार साचले असतील तर आत फुटाणे भाजल्यासारखा आवाज येतो. ते साफ करता येतात. पण पत्रा पातळ झाला असेल तर आवाज वेगळाच, ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

थोरल्याचा कान जास्त तयार होता. हे धाकटे स्वतः कबूल करायचे, आणि कबूल करताना दातओठ खायचे.

वडील गेल्यावर कामाची वाटणी आपोआप झाली. थोरला गल्ल्यावर, धाकटा लोकांच्या घरी. धाकटा तपासून यायचा, थोरल्याला निकाल सांगायचा, थोरला गिऱ्हाइकाला फोन करायचा. तीन वर्षं हे सुरळीत चाललं. मग एक दिवस जुना नट शोधायला म्हणून धाकटे दुकानाच्या मागच्या अंगणात गेले, तर भिंतीला लागून आठ टाक्या पडलेल्या. धाकटे डावखुरे. टाकीवरच्या आवरणाला ते जी तार बांधायचे तिचा पीळ उलटा पडायचा. आठांपैकी सहा टाक्यांवर उलटा पीळ होता, आणि त्या सहाही टाक्यांना त्यांनी ‘चालेल’ म्हटलं होतं. सगळ्यात वरची तर तीन आठवड्यांपूर्वीची, समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंची.

ते तसेच नर्सबाईंकडे गेले. त्यांच्या भिंतीवर नवा कोरा गिझर. बाई म्हणाल्या, तुम्हीच म्हणालात ना, टाकी फार तर पंधरा दिवस काढेल? तुमच्या भावाचा फोन आला होता. धाकटा म्हणतोय म्हटल्यावर मी कशाला विचार करते?

म्हणजे तीन वर्षं त्यांच्या तोंडचा शब्द दुकानात विकला जात होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

थोरल्याने नाकारलं नाही. चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, “तू नुसता ऐकत बसतोस. विकायचं कोणी? तुझ्या शब्दाला वजन आहे ते या दुकानामुळे.” धाकट्यांनी वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर खिळ्यावरून काढला आणि पायऱ्या उतरले. पुन्हा त्यांनी त्याला ‘दादा’ म्हटलं नाही. म्हणायचे, दुकानदार.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून माणसं सोडून देतात. धाकट्यांनी सोडलं नाही. त्यांनी मनाशी ठरवलं, या वसाहतीत दुकानदाराचा एकही गिझर विकला जाऊ द्यायचा नाही. त्याने आपला ‘चालेल’ मारला ना, आता ‘चालेल’नेच त्याला मारायचं.

आणि अकरा वर्षं त्यांनी ते करून दाखवलं. कुठे गिझर बिघडला की घरची बाई आधी सायकलवरून फिरणाऱ्या धाकट्यांना शोधायची. ते कॉइल बदलायचे, रबरी पत्र्यातून वायसर कापायचे, क्षार खरवडून बादलीभर काढायचे आणि यजमानाला दाखवायचे, की बघा, हे पोटात घेऊन बिचारा काम करत होता. भंगारातून चांगले भाग शोधून आणायचे. घेणार किती, असं विचारलं तर “जमेल ते द्या” म्हणायचे, कारण त्यांची खरी मजुरी दुसरीकडे मिळायची. जळक्या कॉइल ते सायकलच्या कॅरियरला लटकवायचे आणि सकाळी बरोबर दुकान उघडायच्या वेळेला समोरून सावकाश जायचे. एक कॉइल म्हणजे न विकला गेलेला एक गिझर. खण् खण् आवाज आला की थोरला रेडिओ मोठा करायचा.

दुकानाच्या काचेत गिझरची खोकी मांडलेली होती, त्यांवर एका हसऱ्या बाईचं चित्र. उन्हाने ते फिकट होत गेलं. धाकटे पलीकडच्या फुटपाथवर चहा पिताना खबर द्यायचे, “गेल्या वर्षी नाक गेलं. या वर्षी दात पण गेले. आता नुसते केस हसतायत.” ऐकणारे हसायचे. मीही हसलो आहे. हळूहळू थोरल्याने बादल्या ठेवल्या, मग पंखे, मग बल्ब. दोघे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहायचे, आणि सगळ्या वसाहतीला कढत पाणी स्वस्तात मिळायचं. कोणी तक्रार कशाला करेल?

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. त्या अकरा वर्षांत धाकट्यांच्या तोंडून ‘झालं’ हा शब्द एकदाही निघाला नव्हता.

आता ताईंबद्दल. ताई, म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या बहीण, दोघांहून मोठ्या. शाळेचे गणवेश शिवायच्या, एकट्या राहायच्या, गुडघे धरलेले. दोन्ही भाऊ त्यांच्याकडे यायचे, पण वेगवेगळ्या दिवशी. एकाने दुसऱ्याचा विषय काढला की ताई मशीन सुरू करायच्या. त्यांचा गिझर वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवलेला, अठरा वर्षांपूर्वीचा. धाकट्यांना त्याचा फार अभिमान. कोणी म्हणालं की आमचा नऊ वर्षांचा झाला, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, “माझ्या ताईचा अठरा वर्षांचा आहे. जा, बघून या.”

त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला ताईंच्या गरम पाण्याला रंग आला. ताई म्हणाल्या, “मी आंघोळ करते की चहात बुडते, काही कळत नाही बाई.” धाकटे आले. वाटी घ्यायची गरजच नव्हती. दांडा काढला, तर हातात तार आली. खालचं झाकण उघडलं, तर तळाच्या सांध्याला तपकिरी फोड. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. पत्रा किंचित आत गेला.

झाकण लावलं, हात धुतले. नवा दांडा बसवला, सांध्याला फट बुजवायचं लुकण मळून लावलं. दोन्ही गोष्टींचा उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं.

“काय रे?” ताईंनी विचारलं.

“चालेल.”

“बाबा असते तर हेच म्हणाले असते?”

“हेच,” ते म्हणाले. त्यांनीच मला सांगितलं, की उत्तर देताना ते नळाकडे बघत होते.

असं का केलं, हे कळायला फार अक्कल लागत नाही. ‘झालं’ म्हटलं असतं तर ताईंनी नवा गिझर घरच्याच दुकानातून घेतला असता. त्यांना दुसरं दुकान माहीतच नव्हतं. दुकानदार स्वतः खोकं घेऊन तीन मजले चढला असता. वडिलांनी भिंतीत मारलेल्या बोल्टवर त्याचा माल चढला असता, आणि उद्या सगळ्या वसाहतीत झालं असतं की धाकट्याच्या सख्ख्या बहिणीनेच थोरल्याकडून घेतला. अकरा वर्षं जपलेलं वैर एका आंघोळीपायी बुडवायचं? धाकट्यांनी हिशेब केला, की निदान हिवाळा काढेल. दर पंधरा दिवसांनी येऊन ते लुकण पाहून जायचे.

चार महिने गेले. पाण्याचा रंग आणखी वाढला. ताई काही भोळ्या नव्हत्या. त्यांनी थोरल्याला बोलावलं.

थोरला आला. त्याच्याकडे हत्यार नव्हतं, म्हणून त्याने ताईंची कापड मोजायची लाकडी पट्टी घेतली, स्टुलावर चढला, पट्टीचं एक टोक टाकीला आणि दुसरं कानाला लावलं. बराच वेळ उभा राहिला. मग खाली उतरून विचारलं, धाकटा काय म्हणाला? ताई म्हणाल्या, चालेल म्हणाला. थोरल्याने पट्टी पुसली, होती तिथे ठेवली आणि हसला.

“मग चालेल,” तो म्हणाला. “त्याचा शब्द मी कशाला मोडू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे लुकण पाहायला आले, तेव्हा ताईंनी हे कौतुकाने सांगितलं. अकरा वर्षांनी का होईना, तुमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं म्हणाल्या.

धाकट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थोरल्याचा कान. त्याला ऐकू आलं नाही, हे शक्यच नव्हतं. ओल्या पुठ्ठ्याचा आवाज ऐकून तो हसत खाली उतरला होता. तो वाट बघत होता. ही टाकी फुटेल, आणि वसाहत म्हणेल, धाकट्याने ‘चालेल’ म्हटलेला गिझर सख्ख्या बहिणीच्या अंगावर फुटला. मग कोण बोलावणार धाकट्याला?

पुढची गोष्ट त्यांनी मला मान खाली घालून सांगितली. आधी त्यांना थोरल्याचा राग आला, की केवढा नीच डाव टाकला यानं. ताईंचा विचार त्यानंतर आला. गिझरच्या बरोब्बर खाली ताईंचं आंघोळीचं स्टूल होतं, कारण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नव्हतं. चार महिने रोज सकाळी त्या तिथे बसत होत्या. आणि थोरल्याला हे कळून एक दिवस झाला होता. त्यांना स्वतःला चार महिने.

“आज आंघोळ झाली?”

“नाही, आत्ताच बटण लावलंय.”

त्यांनी जाऊन मेन स्विच खाली ओढला. पाणी बंद केलं, टाकी निवू दिली, निम्मी रिकामी केली, बोल्ट सोडले. ताई मागे उभ्या राहून विचारत होत्या, अरे, चालेल म्हणालास ना? त्यांनी उरलेल्या पाण्यासकट टाकी खांद्यावर घेतली आणि जिना उतरले.

मी दुकानात बल्ब घ्यायला गेलो होतो. नर्सबाई होत्या, आणखी तिघेचौघे होते. धाकटे आत आले आणि टाकी काउंटरवर ठेवली. थोरला म्हणाला, अरे, काच आहे खाली. धाकट्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. हातोडी वगैरे काही नाही. तळाच्या सांध्याला टोक लावून नुसत्या हाताने दाबलं, तर ते लोण्यात गेल्यासारखं मुठीपर्यंत आत गेलं. तांबडं पाणी काउंटरवरून बिलबुकावर, तिथून थोरल्याच्या मांडीवर आणि खाली खोक्यांवर.

“ही ताईची टाकी,” धाकटे म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “चार महिन्यांपूर्वी मी हिला चालेल म्हणालो. खोटं बोललो. याचा गिझर खपू नये म्हणून बोललो.”

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर थोरल्याकडे वळवला.

“आणि काल यानं कान लावून ऐकलं. याचा कान माझ्याहून चांगला. हा पण चालेल म्हणाला. आता याला विचारा, का म्हणाला.”

“मी दुकानदार माणूस,” थोरला मांडी झटकत म्हणाला. “मला टाकीतलं काय कळतंय?”

“मग बाबांनी तुला फुकट शिकवलं.”

तेवढ्यात नर्सबाई पुढे झाल्या. आमच्याला तुम्ही गेल्या वर्षी चालेल म्हणालात, तो कसा आहे, त्यांनी विचारलं. धाकटे म्हणाले, तो झालाय, आजपासून बटण लावू नका.

बाईंनी एकदा या भावाकडे पाहिलं, एकदा त्या. “म्हणजे जुना चांगला होता तेव्हा यांनी काढायला लावला,” त्या म्हणाल्या, “आणि हा वाईट झाला तेव्हा तुम्ही ठेवायला लावलात.”

त्या निघून गेल्या. मग एकेक करून सगळेच निघाले. मीही निघालो, बल्ब तसाच टाकून. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं हे मी आयुष्यभर नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं. पुढे कधीतरी धाकटे मला म्हणाले, “काका, पाणी त्याच्या मांडीवर सांडलं ना, तेव्हा जे वाटलं, ते अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.” मला ते ऐकायला आवडलं नाही, पण ते खरं बोलत होते.

नंतर दोघांचाही धंदा बसला. लोक गिझर घ्यायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागले. थोरल्याच्या काचेतली खोकी गेली, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. धाकटे महिनाभर घरोघर फिरले. बऱ्याच जणांनी दारातूनच परत पाठवलं. ज्यांनी आत घेतलं त्यांच्यापैकी चौदा जणांना त्यांनी ‘झालं’ म्हणून सांगितलं, आणि प्रत्येक घरात वाटीची परीक्षा शिकवली. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा, असं म्हणायचे. एकाने तोंडावर विचारलं, की आता दुकानदाराकडून किती मिळतंय? धाकट्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती, ती करावी लागली.

ताईंनी मात्र दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवलं. थोरल्याने नवा गिझर पाठवला, तो तसाच खाली गेला. धाकटे हत्यारांची पिशवी घेऊन उभे राहिले, तर दार अर्धंच उघडलं.

“तुम्हा दोघांपेक्षा माझं पातेलं बरं,” ताई म्हणाल्या. “ते फुटलं तर डोळ्यांना दिसतं तरी.”

सबंध हिवाळा त्या गॅसवर पाणी तापवून, पातेलं दोन्ही हातांनी धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी न्हाणीघरात नेत राहिल्या. आम्हाला खाली त्यांची पावलं ऐकू यायची. मदत करू का, असं माझ्या बायकोने विचारलं, तर म्हणाल्या, नको, मला हे त्यांना ऐकवायचंय. ही बहीण दोन्ही भावांच्या वरताण निघाली.

हिवाळा संपल्यावर त्यांनी लांबच्या दुकानातून गिझर आणला आणि परका माणूस बोलावून बसवून घेतला. त्या दिवशी धाकटे आमच्या मजल्याच्या जिन्यावर बसून होते. मी आत या म्हटलं, आले नाहीत. वर ड्रिल चालू होतं. आवाजावरून त्यांना कळलं की पहिलं भोक चुकलं. ते अर्धे उठले आणि पुन्हा बसले. वर गेले नाहीत. ताईंनी त्यांना पुढे घरात घेतलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही.

यानंतर दीडेक वर्षाने, म्हणजे ते गेले त्याच्या महिनाभर आधी, आमचा गिझर गुरगुरायला लागला म्हणून मी त्यांना बोलावलं. बायको नको म्हणत होती. ते आले, तपासलं, खाली उतरून हात पुसले.

“झालं,” म्हणाले. “नवा घ्या.”

कुठून घेऊ, असं मी विचारलं. मला वाटलं, एवढं सगळं झाल्यावर आता काय राहिलं असणार.

“कुठूनही घ्या. दुकानदाराकडून घेतलात तर बसवायला मला बोलावू नका.”

सुंभ जळला तरी पीळ तसाच. मी विषय बदलला आणि चहा घेणार का विचारलं.

“नको काका. पलीकडच्या जिन्याचं पाणी बंद ठेवून आलोय, लोक खोळंबलेत.”

“मग निघा.”

“हो,” म्हणाले, आणि पिशवी उचलली.